ओझोनचे छत्र आणि श्रावकाची यतना

वैशाख लागला की बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग ठळकपणे जाणवू लागतात. घाटावरील बुलढाणा, चिखली, मेहकर या बाजूला वाऱ्याची झुळूक तरी असते. घाटाखालील मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव या पूर्णेच्या खोऱ्यातील गावांत मात्र दुपारी बाजारपेठा ओस पडतात. अशा वेळी पेढीवर बसलेल्या जाणत्या मंडळींच्या बोलण्यात एक वाक्य हमखास येते : ओझोनच्या थराला भोक पडले, म्हणून ऊन वाढले. शाळकरी मुलेही निबंधात हेच लिहितात. हे वाक्य इतके रूढ झाले आहे की ते तपासून पाहावे असे कोणालाच वाटत नाही.

वास्तविक या वाक्यात दोन निराळ्या गोष्टींची गल्लत झालेली आहे. अंगाला जाणवणारा उकाडा आणि त्वचेला व डोळ्यांना इजा करणारे अतिनील किरण या दोन भिन्न बाबी होत. उकाडा जाणवतो म्हणून माणूस सावलीत जातो. अतिनील किरण जाणवत नाहीत म्हणून तो गाफील राहतो. घाटावर गार वारा सुटलेला असतानाही निरभ्र आकाशातून उतरणारे अतिनील किरण घाटाखालच्याइतकेच तीव्र असतात. ओझोनचा थर अडवितो तो उकाडा नव्हे, तर हे किरण. ही गल्लत दूर झाली म्हणजे ओझोनच्या प्रश्नाचे खरे स्वरूप ध्यानी येते, आणि त्या प्रश्नाचा एक धागा व्यापारी कुटुंबाच्या दुकानापर्यंत, गोदामापर्यंत आणि घरातील शीतकपाटापर्यंत कसा पोहोचतो तेही दिसते.

तीन मिलिमीटरचे कवच

प्राणवायूच्या रेणूत दोन अणू असतात. ओझोनच्या रेणूत तीन. पृथ्वीपासून साधारण १५ ते ३५ किलोमीटर उंचीवर, स्थितांबर नावाच्या थरात, वातावरणातील सुमारे ९० टक्के ओझोन सामावलेला आहे. तिथे सूर्याचेच किरण प्राणवायूचे रेणू फोडून ओझोन घडवितात आणि तोच ओझोन पुढे सूर्याचे घातक किरण शोषून घेतो. हा सगळा ओझोन गोळा करून समुद्रसपाटीच्या दाबाखाली पसरला, तर त्याची जाडी केवळ ३ मिलिमीटरच्या आसपास भरेल. एवढ्याशा आवरणामुळे अतिनील किरणांतील सर्वांत मारक असा ‘यूव्ही-सी’ हा भाग पृथ्वीवर पोहोचतच नाही आणि ‘यूव्ही-बी’चा बहुतांश भाग वरच्या वर अडविला जातो.

हे कवच तयार होण्यापूर्वी जीवसृष्टी पाण्याच्या आश्रयाने राहत होती. वातावरणात प्राणवायू साठत गेला, त्यातून ओझोन निर्माण झाला आणि मग चाळीस कोटी वर्षांहून अधिक काळापूर्वी वनस्पतींनी जमिनीवर पाय रोवला. म्हणजे शेतातील तूर, बांधावरचे बाभळीचे झाड, पाखरे आणि माणूस यांचे जमिनीवरील अस्तित्व या अदृश्य छत्रावर अवलंबून आहे.

प्रखर प्रकाशापासून स्वतःचे रक्षण करण्याची गरज प्रत्येक जीवाला असते, याचे एक उदाहरण बुलढाणा जिल्ह्यातच पाहावयास मिळते. जून २०२० मध्ये लोणारच्या सरोवराचे पाणी एकाएकी गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासले, तेव्हा खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव आणि त्यांच्यातील गुलाबी रंगद्रव्य हे त्याचे कारण असल्याचे आढळले. अशा जातीच्या सूक्ष्मजीवांना हे रंगद्रव्य प्रखर प्रकाशाच्या माऱ्यात ढालीसारखे उपयोगी पडते. माणसाच्या त्वचेतील मेलॅनिन हे काळसर रंगद्रव्य असेच काम करते. सर्व जीवांवरचे एकत्रित छत्र मात्र एकच आहे, ते म्हणजे ओझोनचे.

निर्दोष वाटलेला वायू

१९२८ च्या सुमारास अमेरिकेत शीतकपाटांसाठी क्लोरोफ्लुरोकार्बन, म्हणजेच सीएफसी, या वायूंचा शोध लागला. त्यापूर्वी शीतकरणासाठी वापरले जाणारे अमोनिया आणि सल्फर डायऑक्साइड हे वायू गळाले की माणसे दगावत. सीएफसी मात्र विषारी नव्हते, जळत नव्हते, कशाशी संयोग पावत नव्हते. त्यामुळे शीतकपाटे, वातानुकूलन यंत्रे, सुगंधी फवारे, गाद्यांचा फोम, दम्याचे पंप अशा असंख्य वस्तूंत ते शिरले. ज्यांनी ते बनविले, विकले आणि वापरले त्यांच्या मनात हिंसेचा लवलेशही नव्हता.

पण जो वायू कशाशीच संयोग पावत नाही तो नष्टही होत नाही. जून १९७४ मध्ये मारियो मोलिना आणि शेरवूड रोलंड या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, हे वायू वर्षानुवर्षे तरंगत स्थितांबरात पोहोचतात. तिथे अतिनील किरणांनी ते फुटतात आणि त्यांतून क्लोरीनचा अणू मोकळा होतो. हा एक अणू ओझोनचे सुमारे एक लाख रेणू नष्ट करू शकतो. रसायन उद्योगाने प्रारंभी या निष्कर्षाची खिल्ली उडविली. पुढे मे १९८५ मध्ये जो फार्मन आणि त्यांच्या ब्रिटिश सहकाऱ्यांनी अंटार्क्टिकावरील हॅली बे या केंद्रातील मोजमापे प्रसिद्ध केली, तेव्हा तेथील वसंत ऋतूत ओझोनचा थर कमालीचा विरळ होत असल्याचे उघड झाले. मोलिना, रोलंड आणि पॉल क्रुट्झेन यांना या संशोधनासाठी १९९५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

या मोजमापांच्या इतिहासात भारताचाही वाटा आहे. १९२८-२९ मध्येच डॉब्सन या इंग्रज शास्त्रज्ञाने आपले ओझोनमापक उपकरण दक्षिणेतील कोडाईकनाल येथे आणविले होते. पुढे अहमदाबादच्या सुप्रसिद्ध जैन उद्योजक घराण्यातील डॉ. विक्रम साराभाई यांनी नोव्हेंबर १९४७ मध्ये भौतिकी संशोधन प्रयोगशाळा स्थापन केली. तिचे पहिले संचालक प्रा. के. आर. रामनाथन हे ओझोनचे जगन्मान्य अभ्यासक होते. देलवाड्याच्या जिनमंदिरांमुळे जैन समाजाला परिचित असलेल्या अबूच्या पहाडावर १९५० च्या दशकात त्यांच्या चमूने आकाशातील ओझोन मोजला. महाराष्ट्रात पुण्याहून भारतीय हवामानशास्त्र विभाग फुग्यांच्या साहाय्याने ओझोनची नोंद घेत आला आहे. जैन गिरणीमालकाच्या पुत्राने व्यापारातून आलेले सामर्थ्य ज्ञानाकडे वळविले, त्याचे हे एक फळ होय.

बुलढाण्याच्या आकाशात छिद्र आहे काय?

याचे उत्तर सरळ आहे : नाही. ओझोनचे छिद्र अंटार्क्टिकावर सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात पडते. तेथील हिवाळ्यात उणे ७८ अंशांखाली जाणाऱ्या तापमानात जे विशिष्ट ढग तयार होतात, त्यांच्या कणांवर क्लोरीन जागृत होतो आणि सूर्य उगवताच विध्वंस सुरू होतो. भारताच्या आकाशात ही परिस्थिती उद्भवत नाही. डॉब्सन एककात २२० पेक्षा खाली गेलेल्या ओझोनला छिद्र म्हणतात. आपल्याकडील प्रमाण साधारण २५० ते २९० च्या दरम्यान असते आणि गेल्या अर्धशतकात उष्ण कटिबंधात त्यात फारशी घट झालेली नाही.

मग काळजी करण्याचे कारण काय? कारण असे की, उष्ण कटिबंधात ओझोनचा थर मुळातच ध्रुवांकडील प्रदेशांपेक्षा पातळ असतो आणि सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो. त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत भर दुपारी अतिनील निर्देशांक ११ च्या वर, म्हणजे ‘अतितीव्र’ या श्रेणीत जातो. ज्याच्या घराचे छप्परच पातळ आहे त्याने ते आणखी झिजू देऊ नये, हाच येथील मुद्दा आहे. ओझोननाशक वायूंचे उत्पादन बेबंद चालू राहिले असते, तर या शतकाच्या मध्यापर्यंत उष्ण कटिबंधावरील थरही ढासळला असता, असे शास्त्रज्ञांचे गणित सांगते.

आरोग्यावरील परिणामांत सर्वप्रथम डोळ्यांचा विचार केला पाहिजे. भारतीयांच्या त्वचेतील मेलॅनिनमुळे ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडमधील गोऱ्या लोकांच्या मानाने येथे त्वचेच्या कर्करोगाचे प्रमाण पुष्कळ कमी आहे. कोड असलेल्या त्वचेला मात्र हे संरक्षण नसते, म्हणून अशा व्यक्तींनी ते भाग झाकून ठेवणे अगत्याचे ठरते. डोळ्यांतील भिंगाला तर असे कोणतेच खास संरक्षण नाही. २०१५ ते २०१९ या काळातील राष्ट्रीय अंधत्व सर्वेक्षणानुसार पन्नाशीपुढील भारतीयांच्या अंधत्वापैकी सुमारे दोन तृतीयांश अंधत्व मोतीबिंदूमुळे आलेले असते. मोतीबिंदूची कारणे अनेक आहेत. वय, मधुमेह आणि तंबाखू ही त्यांतली मुख्य. पण आयुष्यभर डोळ्यांत शिरलेले यूव्ही-बी किरण हेही त्यांपैकी एक आहे. बुबुळावर मांस वाढत येण्याचा विकारही उन्हात व धुळीत राबणाऱ्यांना अधिक होतो. याखेरीज तीव्र किरणांनी त्वचेची रोगप्रतिकारशक्ती क्षीण होते आणि सुरकुत्या अकाली पडतात.

येथे एक सामाजिक सत्य नजरेआड करता येत नाही. दुकानात, पेढीवर किंवा गाडीत बसणाऱ्याला हे किरण फारसे लागत नाहीत. ते लागतात कापूस वेचणाऱ्या, सोयाबीन सोंगणाऱ्या, बाजार समितीच्या उघड्या ओट्यावर पोती उचलणाऱ्या माणसांना. जो वायू श्रीमंताच्या खोलीला गारवा देतो त्याची किंमत उघड्यावर कष्ट करणाऱ्याच्या डोळ्यांनी मोजावी, हा व्यवहार कोणत्याही वहीत न्याय्य ठरणार नाही. समाजातील अनेक मंडळे नेत्रशिबिरे भरवितात, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया विनामूल्य करून देतात. ते पुण्यकार्य आहेच. त्याच शिबिरात हमालांना आणि शेतमजुरांना रुंद काठाच्या टोप्या व चांगले चष्मे दिले, तर काही जणांच्या शस्त्रक्रियेची वेळ तरी लांबणीवर पडेल.

रक्षणाचे उपाय साधे आहेत. स्वतःची सावली स्वतःच्या उंचीपेक्षा आखूड पडू लागली, की अतिनील किरण तीव्र झाले असे समजावे. साधू-साध्वी पहाटे विहाराला निघून ऊन चढण्याआधी मुक्काम गाठतात, त्या प्रथेतील शहाणपण गृहस्थांनीही घ्यावे. उपरणे किंवा ओढणी डोक्यावरून कपाळाच्या पुढे येईल अशी घ्यावी. चष्मा केवळ काळा असून भागत नाही. स्वस्त काळ्या काचेमागे बाहुली विस्फारते आणि काच किरण अडविणारी नसेल तर अपायच वाढतो. म्हणून ‘यूव्ही ४००’ अशी खूण पाहूनच चष्मा घ्यावा.

उन्हाची भीतीही बाळगू नये. त्वचेत ‘ड’ जीवनसत्त्व तयार होण्यासाठी याच यूव्ही-बी किरणांची गरज लागते. मासे व अंडी वर्ज्य असलेल्या आहारातून हे जीवनसत्त्व फारसे मिळत नाही, त्यामुळे जैन कुटुंबांतील घरात वावरणाऱ्या स्त्रियांनी आणि वृद्धांनी याकडे लक्ष द्यावयास हवे. अगदी कोवळ्या उन्हात यूव्ही-बी फार थोडे असते. सकाळी काहीसे उशिरा, थोडा वेळ हातापायांवर ऊन घ्यावे, चेहरा व डोळे झाकावेत आणि गोळ्या घ्यायच्या झाल्यास त्या वैद्यांच्या सल्ल्याने घ्याव्यात. गोळीचे आवरण जिलेटिनचे, म्हणजे प्राणिज, नाही ना हे विचारण्यास संकोचू नये.

वरचा रक्षक, खालचा भक्षक

ओझोनविषयी आणखी एक गैरसमज असा की, तो कुठेही असला तरी चांगलाच. स्थितांबरातील ओझोन रक्षक आहे; जमिनीलगतचा ओझोन मात्र विष आहे. वाहनांचा व कारखान्यांचा धूर आणि शेतात जाळलेल्या काडीकचऱ्याचा धूर यांवर कडक ऊन पडले की जमिनीलगत ओझोन तयार होतो. तो फुफ्फुसांना चुरचुर लावतो, दम्याचा विकार बळावतो आणि पिकांच्या पानांतील छिद्रांवाटे आत शिरून उत्पादन घटवितो.

पुण्याच्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामानविज्ञान संस्थेतील सचिन घुडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये या हानीचा अंदाज प्रसिद्ध केला. त्यांनी २००५ हे वर्ष आधाराला घेतले होते. त्या एका वर्षात भारताचा सुमारे ३५ लाख टन गहू आणि २१ लाख टन तांदूळ या ओझोनने गिळला. एवढे धान्य सुमारे ९ कोटी ४० लाख लोकांच्या पोटाला पुरले असते. त्या अभ्यासात कापूस आणि सोयाबीन ही पिकेही होती, आणि बुलढाणा जिल्ह्याची बाजारपेठ तर याच दोन पिकांवर उभी आहे. शेतकऱ्याच्या शेतात घटलेला माल अखेर व्यापाऱ्याच्या गोदामातही कमीच येतो.

जगाचे प्रतिक्रमण

झालेली चूक उमगल्यावर मागे फिरणे याला प्रतिक्रमण म्हणतात. ओझोनच्या बाबतीत सबंध जगाने असे मागे फिरून दाखविले. १६ सप्टेंबर १९८७ रोजी कॅनडातील माँट्रियल येथे ओझोननाशक पदार्थ टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा करार झाला. हाच दिवस ओझोन दिन म्हणून पाळला जातो आणि तो बहुधा पर्युषण व क्षमापनेच्या दिवसांच्या आगेमागेच येतो.

भारताने प्रारंभी या करारावर सही केली नाही, आणि त्यामागे न्यायाचा विचार होता. ज्या देशांनी वातावरण बिघडविले त्यांनीच दुरुस्तीचा खर्च उचलावा, असे भारताचे व चीनचे म्हणणे होते. १९९० च्या लंडन परिषदेत त्यासाठी बहुपक्षीय निधी मान्य झाला आणि १९९२ मध्ये भारत करारात सामील झाला. २००० साली देशात ओझोननाशक पदार्थांविषयीचे नियम लागू झाले. ठरलेल्या मुदतीपूर्वीच, ऑगस्ट २००८ मध्ये, भारताने सीएफसीचे उत्पादन मुख्यत्वे थांबविले. आज जगातील सर्व राष्ट्रे या कराराने बांधलेली आहेत.

फळही दिसू लागले आहे. २०२२ च्या शास्त्रीय आढाव्यानुसार सध्याची धोरणे पाळली गेली तर जगाच्या बहुतेक भागांवरील ओझोनचा थर २०४० च्या सुमारास, उत्तर ध्रुवावर २०४५ च्या आणि अंटार्क्टिकावर २०६६ च्या सुमारास १९८० च्या पातळीवर येईल. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या अंदाजाप्रमाणे १८९० ते २१०० या काळात जन्मलेल्या एकट्या अमेरिकन लोकांपैकी २३ लाख जणांचे त्वचेच्या कर्करोगाने होणारे मृत्यू आणि मोतीबिंदूचे ६ कोटी ३० लाख रुग्ण या करारामुळे टळतील.

तरीही निर्धास्त राहून चालणार नाही. २०१८ मध्ये शास्त्रज्ञांना आढळले की, बंदी असलेला सीएफसी-११ हा वायू पुन्हा हवेत वाढतो आहे. माग काढल्यावर त्यातील मोठा भाग पूर्व चीनमधून येत असल्याचे निष्पन्न झाले. स्वस्त पडतो म्हणून फोम बनविण्यासाठी तो चोरून वापरला जात होता. कारवाई झाल्यावर ते प्रमाण घटले. करार राष्ट्रे करतात, तो मोडला जातो बाजारात आणि पाळलाही जातो तो बाजारातच.

कृत, कारित, अनुमोदित

जैन आचारशास्त्र हिंसेचा हिशेब तीन खात्यांत मांडते. स्वतः केलेली ती कृत, दुसऱ्याकडून करविलेली ती कारित आणि दुसऱ्याने केलेलीला संमती दिली ती अनुमोदित. षट्काय जीवांत वायुकायही आहे, म्हणून हवेविषयीची यतना हा श्रावकासाठी परका विषय नाही. सातव्या व्रताच्या विवेचनात जी पंधरा कर्मादाने सांगितली आहेत, त्यांत विषवाणिज्य म्हणजे विषाचा व्यापार आणि दवदान म्हणजे रान वा शेत पेटविणे यांचाही समावेश होतो. हे निकष आजच्या व्यवहाराला लावून पाहावेत.

वातानुकूलन यंत्र हे पहिले उदाहरण. जुन्या यंत्रांत आर-२२ हा वायू असतो. तो ओझोनला घातक आहे आणि भारतात २०३० पर्यंत त्याचा वापर, दुरुस्तीपुरता अत्यल्प भाग सोडून, संपवायचा आहे. त्याच्या जागी आलेले आर-४१०ए आणि आर-३२ हे वायू ओझोनला धक्का लावीत नाहीत, परंतु ते पृथ्वीला तापवितात. कर्बवायूच्या तुलनेत आर-४१०ए सुमारे २,००० पट, तर आर-३२ सुमारे ६७५ पट तापविणारा आहे. २०१६ च्या किगाली दुरुस्तीने अशा वायूंवरही मर्यादा आली. भारताने ती २०२१ मध्ये स्वीकारली असून २०२८ मध्ये वापर गोठविणे, २०३२ पासून घट सुरू करणे आणि २०४७ पर्यंत ८५ टक्के कपात करणे असा क्रम आहे. घरगुती शीतकपाटांत आर-६००ए आणि काही वातानुकूलन यंत्रांत आर-२९० हे वायू मिळतात. त्यांची झळ दोन्ही बाबतींत नगण्य असते. ते ज्वलनशील असल्यामुळे त्यांची जोडणी व दुरुस्ती प्रशिक्षित कारागिराकडूनच करून घ्यावी.

दुकान बदलताना किंवा यंत्र हलविताना कारागीर पुष्कळदा नळी उघडून सगळा गॅस हवेत सोडून देतो. पाच-दहा मिनिटे वाचतात आणि मालक गप्प राहतो. कृत कारागिराचे, कारित आणि अनुमोदित मालकाचे. पंप-डाउन करून गॅस बाहेरच्या यंत्रातच गोळा करता येतो. तसे करण्यास सांगणे आणि त्याचे चार पैसे अधिक देणे हे मालकाच्या हाती आहे. गळती न शोधता दरवर्षी नुसता गॅस भरणे हाही तसाच प्रकार. जे कुटुंब शीतकपाटे व यंत्रे विकते, त्याने ग्राहकाला यंत्रावरील वायूचे नाव वाचून दाखवावे. शीतगृह उभारणाऱ्याने तर २०२८ आणि २०४७ ही साले ध्यानात ठेवूनच भांडवल गुंतवावे. मुदत संपत आलेल्या वायूवर चालणारे यंत्र स्वस्त पडले तरी पुढे ते महागात जाते.

दुसरे उदाहरण गोदामाचे. धान्य, कडधान्य आणि कापसाला कीड लागू नये म्हणून देण्यात येणाऱ्या धुरीत मिथाइल ब्रोमाइड हा वायू जगभर वापरला गेला. तो विषारी तर आहेच, शिवाय त्यातील ब्रोमीन क्लोरीनपेक्षाही अधिक ओझोननाशक आहे. करारानुसार आता त्याचा वापर मुख्यत्वे आयात-निर्यातीच्या मालाच्या रोगनिवारणापुरता उरला आहे. गोदामातील धुरीत कोणते औषध वापरले जाते हे कंत्राटदाराला विचारणे, माल नीट वाळवून भरणे, गोदाम स्वच्छ व कोरडे ठेवणे आणि धुरीची गरजच कमी करणे, हा यतनेचा मार्ग होय.

तिसरे उदाहरण कृषी सेवा केंद्राचे. सीएफसी आटोक्यात आल्यावर ओझोनला अपाय करणाऱ्या उत्सर्जनांत आज नायट्रस ऑक्साइड हा वायू सर्वांत पुढे आहे, असे ए. आर. रविशंकर व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवून दिले. माँट्रियल करारात त्यावर बंधन नाही. शेतात गरजेपेक्षा जास्त टाकलेल्या नत्रखतातून तो निघतो आणि शतकाहून अधिक काळ हवेत टिकतो. सोयाबीन हे स्वतःच्या मुळांतील गाठींत नत्र साठविणारे पीक; त्याला युरियाची फारशी गरज नसते. तरीही हिरवेपणाच्या मोहाने शेतकरी युरियाचे पोते मागतो आणि दुकानदार ते देतो. माती परीक्षणाचा अहवाल पाहून, पिकाची गरज सांगून, एक पोते कमी विकणारा व्यापारी त्या दिवशी थोडा नफा गमावील. शेतकऱ्याचा विश्वास आणि आकाशाचे छत्र मात्र राखील.

चौथे उदाहरण पऱ्हाटीचे. कापूस उलंगल्यावर पऱ्हाट्या आणि तुराट्या बांधावर पेटवून देण्याची सवय जुनी आहे. तो धूर जमिनीलगतच्या ओझोनला खाद्य पुरवितो आणि त्या आगीत असंख्य त्रसजीव होरपळतात. शेती बटाईने देणाऱ्या कुटुंबांनी करारातच न जाळण्याची अट घालावी आणि पऱ्हाट्या बारीक करणाऱ्या यंत्राच्या भाड्यात वाटा उचलावा. दवदानाचा निषेध व्याख्यानात ऐकून धुऱ्यावर तो चालू देणे विसंगत ठरते.

एकट्यादुकट्याने काय होणार, हा प्रश्न व्यापारी समाजाने विचारू नये. २०१८ मध्ये भारतीय जैन संघटनेने शासनाच्या साहाय्याने ‘सुजलाम सुफलाम’ या उपक्रमात यंत्रे पुरवून बुलढाणा जिल्ह्यातील तलावांतून आणि बंधाऱ्यांतून गाळ काढला. तो गाळ शेतात गेला आणि रिकाम्या झालेल्या जागेत पाणी साठले. संघटित समाज जमिनीवरचे पाणी अडवू शकतो, तर आपल्याच यंत्रातून हवेत जाणारा वायूही अडवू शकतो. खामगावातील कापड व चांदीची दुकाने, मलकापूरची गोदामे, चिखलीची कृषी सेवा केंद्रे यांनी या एका वर्षासाठी तीन नियम घेतले तरी पुरेसे आहे : गॅस हवेत सोडू देणार नाही, नत्रखत गरजेपेक्षा अधिक विकणार नाही, काडीकचरा जाळू देणार नाही.

संवत्सरीला चौऱ्यांशी लक्ष जीवयोनींची क्षमा मागितली जाते. त्यांत डोळ्यांना दिसणारे जीव थोडे आणि न दिसणारे अगणित आहेत. ओझोनच्या थराखाली ते सारेच एका छायेत नांदतात. ज्यांच्याकडून क्षमा मागायची त्यांच्या डोक्यावरील छाया विरळ होऊ न देणे, हा त्या क्षमायाचनेचा आचरणातील अर्थ आहे. त्यासाठी आकाशात जावे लागत नाही; दुकानातील बिल लिहिताना आणि कारागिराला काम सांगताना थोडा वेळ थांबून विचार करावा लागतो.